खोकल्यावर कच्ची गोगलगाय

मित्रांनो, आज दुपारी शेजारच्या कवडूला पाहायला सावली गावच्या दवाखान्यात गेलो होतो. त्याची मान ताठली आहे. माणसं ओळखत नाही, नुसता कण्हतो.

डॉक्टर म्हणाले, उंदराच्या फुप्फुसात एक जंत असतो. त्याची पिल्लं लेंड्यांतून बाहेर येतात. त्या लेंड्या गोगलगाय खाते. ती गोगलगाय कच्ची खाल्ली की जंत माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतात.

आमच्याकडे जुन्या खोकल्यावर धानाच्या बांधीतली, म्हणजे भातखाचरातली, गोगलगाय कच्चीच गिळायला देतात. कवडूला त्याच्या आईनं दिली होती.

डॉक्टरांकडून आम्ही तिघं बाहेर येताच कवडूची बायको सासूला म्हणाली, "तुमीच मारून राह्यल्या त्याले."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, माह्या हातानं नाई झालं न हे?"

देवाचं नाव घेऊन मी खोटं बोलणारच होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "नातीलेबी खोकला हाये. तिच्यासाठी दोन धरून ठेवल्या घरी."

मग सांगावंच लागलं. "बाई, तुमच्याच हातानं झालं. त्या दोन फेकून द्या."

तेव्हापासून ती दोन्ही हात पदराखाली लपवून बसली आहे.

तुमच्या घरी कोणी असं औषध देतं का? आजच विचाराल?