लांब नळीचे गणूकाका

गणूकाकांनी हाक मारली, तर ज्याला मारली त्यालाच ती ऐकू जायची; शेजारी बसलेल्याला नाही. माझे हे चुलते मुरबाडकडच्या वैशाखरे गावात भातशेती करत. त्यांच्यासमोर कोणी आवाज चढवला की ते त्याच्याकडे जरा वेळ बघत राहत आणि विचारत, "नळी आखूड हाय का रे तुझी?" नवख्या माणसाला त्यातलं काही कळायचं नाही. आम्ही घरातल्या मुली मात्र तोंडाला हात लावून हसायचो.

नळी म्हणजे बंदुकीची. काकांकडे बावीस नंबरची, बारीक काडतुसाची बंदूक होती. एका गोऱ्या साहेबाला त्यांनी माळशेजचं रान वर्षानुवर्षं दाखवलं होतं; तो विलायतेला परत निघाला तेव्हा परवान्याची सोय लावून ती यांना देऊन गेला. काका बुटके आणि नळी ही एवढी लांब! खांद्याला लावून निघाले की बंदूकच त्यांना कुठेतरी घेऊन चालली आहे असं वाटे. पण नेम असा, की बघत राहावं. आणि आवाज म्हणाल तर वाळकी काटकी मोडल्याएवढा. एक रानकोंबडा पडला तरी पलीकडचा दाणे टिपतच राही.

"गणूदा, एवढी लांब बंदूक, न् आवाज एवढाच?" असं कोणी हटकलं की काकांना स्फुरण चढायचं. अर्थात हळू आवाजातच. "आरं, दारू चिमूटभर. येवढी नळी चालून येईस्तोवर ती जळून दमते. तोंडाशी आली का वरडायला दम कुठला? नळी आखूड असती तर भायेर येऊन बोंबलली असती." लोक माना डोलवत आणि पाठ फिरली की म्हणत, म्हातारा काहीतरीच सांगतो. लांब नळीचा आवाज मोठा, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती.

माझे वडील लवकर गेले. मला वाढवली काकांनी. लढाईच्या दिवसांत माझं लग्न ठरलं ते शहापूरकडच्या आटगावात. मुलगा मी एकदाच पाहिला होता आणि मनातून मला तो आवडला होता. खोटं कशाला बोलू? सासरे मात्र गडगडाटी. सुपारी फुटताना त्यांनी ठणकावलं, "आमच्यात शिवेवर पोरीवाल्यांचा बार झाल्याबिगर वऱ्हाड गावात पाय टाकत नाय. बार नाय, तर बैल माघारी वळतील. मग आमाला बोल लावू नका."

एरवी यात अवघड काही नव्हतं. पण लढाईमुळे बाजारातली शोभेची दारू नाहीशी झालेली. ठासणीच्या बंदुका होत्या त्यांच्या दारूच्या पुड्या रिकाम्या. अख्ख्या गावात वाजणारी एकच बंदूक उरली, ती आमची काडतुसाची. आणि ती वाजतच नव्हती! काकूंनी कपाळावर हात मारला. "ह्या मुक्या बंदुकीपायी पोरीचं लगीन मोडणार," म्हणाल्या. मी चुलीपाशी बसून धुराच्या नावाखाली डोळे पुसले.

माझे मामा भारी उत्साही. "तोफ बघा केवढी लांब असते! नळी वाढवा, आवाज वाढंल," असं म्हणून त्यांनी एक पोकळ वेळू आणला आणि सुतळीने नळीच्या पुढे आवळून बांधला.  काकांनी शांतपणे बांधाच्या मातीवर नेम धरून घोडा दाबला. फुस्स! अंगणातल्या कोंबडीनेसुद्धा मान वर केली नाही. मामा वेळूकडे बघत राहिले आणि काका खांदे हलवत हसत राहिले. मला त्या हसण्याचा असा राग आला म्हणता! "तुमाला हसू येतंय काका? माझं काय व्हायचं ते होऊ दे, न्हाय का?"

त्यांचं हसू थांबलं. "बार होईल गो," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी बंदूक घोंगडीत गुंडाळून ते धसईच्या बाजाराला गेले. आम्हाला वाटलं, कुणाकडून तरी दारू मिळवायला गेले असतील.

लग्नाच्या दिवशी हळदीच्या अंगाने मी आतल्या खोलीत बसले होते. वऱ्हाड शिवेवरच्या ओढ्यापलीकडे आलं, वाजंत्री थांबली. मांडवातली बायामाणसं बोलायची बंद झाली.  आणि धाडकन आवाज झाला! समोरच्या डोंगरावर आपटून तो परत आला, झाडावरची पाखरं उडाली. "अगो बाई, काय बार झाला!" म्हणत काकूंनी माझी दृष्ट काढली. ओढ्यापलीकडे वाजंत्री पुन्हा सुरू झाली. वऱ्हाड पुढे निघालं होतं.

मी मात्र ढसाढसा रडायला लागले. बायकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते. मला त्या आवाजावरूनच कळलं होतं. काकांनी नळी कापून घेतली होती. धसईच्या लोहाराकडून, निम्म्याहून जास्त. टोकावरची नेम धरायची माशी त्या तुकड्याबरोबर गेली, म्हणजे काकांचा नेमही गेला. ज्या बंदुकीवर कुणाला बोट लावू देत नव्हते, तिला त्यांनी माझ्यासाठी बोंबलायला लावलं.

पाठवणीच्या वेळी त्यांनी माझ्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. तोच तुकडा. दोन्ही तोंडं कानशीने घासून गुळगुळीत केलेली. "फुंकणी होईल गो चुलीला. बारीक भोक, झोत नीट लागतो."

"आन् तुमचा नेम, काका?"

"नेम घेऊन काय करू? खातील पोपट जरा शेतातला भात." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जल्मात एकडाव वरडलो. वरडायासारखं होतं म्हनून वरडलो."

आटगावला सासरे घर डोक्यावर घ्यायचे, तेव्हा मी चुलीशी बसून ती फुंकणी ओठांना लावायची आणि मनात म्हणायची, नळी आखूड. मग राग येईनासा व्हायचा. पुढे त्यांच्याशी माझं छान जमलं. आमच्या लग्नातल्या बाराची गोष्ट ते आल्यागेल्याला सांगत, आणि काका तिथे असले तर नुसते खाली बघत.

काका गेले त्या सकाळी निरोप घेऊन माणूस दारात आला, तेव्हा माझ्या हातात फुंकणीच होती. चूल विझत आली होती. आलेल्याला चहा द्यायला हवा, म्हणून मी वाकून फुंकर घातली. आवाज मुळीच झाला नाही. चुलीने जाळ मात्र लगेच धरला.