साबण बदलायला आत्यासोबत: बोदवड, जळगाव, धुळे

सुलूआत्याचा फोन दोन मिनिटांत संपला. "यंदा बिबडे पाठवणार नाही, निशा. वाट पाहू नको." दरवर्षी ती हे ज्वारीचे पापड पाठवते; यंदा का नाही, ते तिने सांगितलं नाही. आतोबा गेल्यापासून ती बोदवडला एकटीच राहते. मी पुण्यात एकटी राहते, घरूनच काम करते, आणि आम्हा दोघींना एकमेकींशिवाय फोन करणारं फारसं कुणी नाही. त्यामुळे तो फोन मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी भुसावळचं तिकीट काढलं.

जाणार असाल तर थंडीच्या शेवटी जा. पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी सावली. भुसावळला गाडी सकाळी पोचते. स्टेशनबाहेर चहा-पोहे खाऊन पुढची पॅसेंजर धरली, तर बोदवड जवळच आहे. हवा मात्र विलक्षण कोरडी. उतरेपर्यंत माझे ओठ तडकले होते.

आत्याने दार उघडलं ते पदरात हात गुंडाळून. मला जवळ घेतलं नाही. पाणीसुद्धा "तूच घे माठातलं" म्हणाली. जेवताना तिने मला वाढलं नाही, तेव्हा मात्र मी तिचा पदर बाजूला केला.

तळहातांना उभ्या भेगा होत्या, कडांना रक्त सुकलेलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी पांढरी, खवल्यांसारखी सुटलेली. पायांचंही तेच.

"लागंल व तुले," ती हात ओढून घेत म्हणाली.

मग हळूहळू कळलं. आमच्याकडे बिबडे एकटीने होत नाहीत. ज्वारीचं गरम पीठ ओल्या कापडावर हाताने थापायचं, ते खाटेवर उलटं पाडायचं, म्हणून गल्लीतल्या बायका एकमेकींकडे जातात. यंदा समोरच्या कमलताईंनी तिला सांगितलं होतं, "अक्का, तुम्ही आराम करा." त्यानंतर कुणी भजनालाही बोलावलं नव्हतं.

संध्याकाळी न्हाणीघरात गेले आणि थबकले. कोनाड्यात एकच वडी होती, कपडे धुण्याची.

"अंगालाही हीच?"

"वासाचा साबण या खाऱ्या पाण्यात फेसच देत नाही. हिचा होतो. त्या बायका काहीबाही बोलल्यापासून मी दोनदा घासून घेते. पाणीही चांगलं कडकडीत."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जळगावला गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तरी आत्या दोघींचे पैसे देण्यासाठी भांडली. बाहेर केळीच्या बागा हिरव्यागार होत्या. तिघांच्या बाकावर मी खिडकीशी होते, ती मध्ये, हात पदरात. तिच्या शेजारी जागा रिकामी होती आणि एक बाई बसायला आली, तर आत्याच उठून माझ्या पलीकडे खिडकीशी सरकली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भिंगातून बोटांच्या बेचक्या पाहिल्या, नखं पाहिली, बरेच प्रश्न विचारले. "हा संसर्ग नाही, हे एकापासून दुसऱ्याला लागत नाही," त्या म्हणाल्या. "कातडी अतोनात कोरडी पडून चिरली आहे."

आत्याने ऐकलंच नसावं. "लागत नाही?" तिने पुन्हा विचारलं.

"नाही लागत, आजी."

कपड्यांची वडी तेलकट डाग काढायला बनवलेली असते, असं त्यांनी समजावलं. कातडीवरचं तेल हाच तिचा राखणदार. वडी ते सगळं ओढून नेते, मग आतलं पाणी उडून जातं. कडकडीत पाण्याने ते आणखी लवकर होतं.

"मग ओलावा देणारा साबण कोणता?" मी विचारलं. जाहिराती मीही पाहतेच.

"साबण ओलावा देत नसतो. कुठला जास्त काढून नेतो, कुठला कमी, एवढंच." त्यांनी कमी क्षाराची, बिनवासाची वडी आणि भेगांवरचं मलम लिहून दिलं. पाणी कोमट. अंग टिपायचं, पुसायचं नाही, आणि ओलसर असतानाच वरून व्हॅसलीन.

रात्री बसस्थानकाजवळ साध्या लॉजवर राहिलो. खोली स्वच्छ होती, गरम पाणी फक्त सकाळी. खालच्या खानावळीत भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी उत्तम मिळते, ठेचा जपून घ्या. आत्याने तिखट बोटांना झोंबतं म्हणून चमच्याने खाल्लं. आजूबाजूचे बघत होते. ती ताटात बघत होती.

धुळ्याला जायचं मी ठरवलं होतं. तिथे देवपुरात ज्योतीताई घरी साबण बनवतात, मी गेलं वर्षभर त्यांच्याकडून कुरियरने मागवते. फोनवर ओळख होती, भेट नव्हती. जळगावहून एरंडोल-पारोळा करत एसटीने अडीच तास लागतात.

मागच्या खोलीत फळ्यांवर वड्या वाळत होत्या, खोबरेल आणि एरंडेलाचा मंद वास. ज्योतीताईंनी आधी आत्याचे दोन्ही हात ओढून स्वतःच्या हातात घेतले. आत्या मागे सरली.

"हात नका लावू व."

"काही नही शे, आक्का. कोरडं पडेल शे. बठ्ठं बरं व्हई जाई."

सगळं बरं होईल म्हणत त्या तशाच हात धरून बोलत राहिल्या, अंगठ्याने भेगेची कडा चाचपत. खोबरेल जास्त घातलं की फेस भरपूर येतो, पण कातडी ताणते. म्हणून त्या शेंगदाण्याचं तेल मिसळतात आणि क्षार थोडा कमी ठेवतात, म्हणजे काही तेल साबण न होता तसंच उरतं. साबण होतानाच आपोआप ग्लिसरीन तयार होतं, तेही त्या वडीतच राहू देतात. ते पाणी धरून ठेवतं.

मी चार वड्या मागितल्या. त्यांनी मान हलवली. "आत्ता नको. माझाही शेवटी साबणच आहे, क्षार असतोच. भेगा भरेपर्यंत डॉक्टरांनी दिलेली वापरा."

एवढ्या लांब येऊन रिकाम्या हाती परतायचं, म्हणून मी हिरमुसले. आत्या मात्र ज्योतीताईंकडे जेवताना बोलत होती, हसत होती. परतीच्या एसटीत म्हणाली, "तुझे आतोबा गेले तेव्हा बायकांनी धरलं होतं मले. त्यानंतर आज."

मीही तिला अजून जवळ घेतलं नव्हतं. मग तिचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि बोदवड येईपर्यंत, मधल्या गाड्या बदलतानाही, सोडला नाही.

दोन दिवसांनी कमलताईंच्या अंगणात खाटा पडल्या. आत्या स्वतःच रस्ता ओलांडून गेली. "डॉक्टरीण म्हणे हे लागत नाही," तिने उभ्यानेच सांगितलं.

सगळ्यांचे हात थांबले. "आम्ही कुठं काय म्हटलं, अक्का?" कमलताई म्हणाल्या. मग सरकून जागा केली आणि हातात काठी दिली. "कावळे हाका. पीठ आम्ही बघतो."

माझं डोकं फिरलं. तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने माझा दंड दाबला. "राहू दे व. बसायले तं बोलावलं." ऊन चढेपर्यंत ती काठी घेऊन बसली होती. बायकांच्या गप्पांत दोनदा तिचं नाव आलं, दोन्ही वेळा तिने पटकन वर बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले.

पुण्यात येऊन महिना होत आला. आत्याच्या तळहाताच्या भेगा मिटल्यात, पाय अजून खरखरीत आहेत. कमलताईंनी परवा वाटीभर वरण आणून दिलं म्हणे. दुरावा संपला, असं ती म्हणत नाही आणि मीही विचारत नाही. तिथे जायचं असेल तर रस्ते, खाणं, गाड्या वर दिल्याच आहेत. सोबत मलम न्या.

आता आंघोळ झाली की ती फोन करते. स्पीकर चालू ठेवून मी विचारते, "लावलं का?" ती म्हणते, "लावते आहे. तू?" मग मीही व्हॅसलीनची डबी उघडते. बोलणं लवकर संपतं, सांगण्यासारखं दोघींकडे रोज असतंच असं नाही. पण दोघींची बोटं तेलकट असतात, फोन बंद करता येत नाही. मग तो तसाच चालू राहतो. तिच्याकडे कुणाचा तरी टीव्ही ऐकू येतो, माझ्याकडे पंखा, आणि हातांवरचं व्हॅसलीन मुरेपर्यंत आम्ही दोघी गप्प बसून राहतो.