कर्णाची दोरी

रामघाटावरच्या वैदिकांच्या घरात जन्मूनही दत्तात्रेय वैदिक झाला नाही, कारण त्याची जीभ अडायची. मंत्राच्या पहिल्या अक्षरापाशीच गाडं रुतायचं आणि पाठशाळेतली मुलं खुदखुदायची. शेवटी चुलत्यांनी त्याच्या हाती सुताची दोरी आणि चार खुंट्या दिल्या. "तोंड मिटून करायचं काम आहे. होमाची कुंडं आखत जा."

साठीला टेकेपर्यंत दत्तूकाका तेच करत आले. तोंड मिटून राहता राहता माणूस भित्रा होत गेला. माकडांना भ्यायचा, जिन्यावरच्या अनोळखी पावलांना भ्यायचा, आणि सगळ्यांत जास्त भ्यायचा बिंदुमाधवशास्त्र्यांना. शास्त्री त्याच पाठशाळेतले, बरोबरीचे; आता घाटावरचे मोठे होम त्यांच्या हातचे. गल्लीच्या तोंडाशी खाकरले तरी कबुतरं उडायची.

चौऱ्याण्णव सालच्या माघात भोसले घाटाजवळच्या एका अंगणात होम ठरला. रेल्वेतल्या उल्हासच्या बायकोसाठी, सुनीतीसाठी. तिला सातवा लागला होता, आणि आधीची दोन पोटातच गेली होती. काका कुंडाच्या विटा लावत होते तेव्हा ती भिंतीशी येऊन बसली. "काका, नीट करा हं," एवढंच म्हणाली. वाकड्या कुंडाचं फळ यजमानाच्या पदरात पडतं, हे काका लहानपणापासून ऐकत आले होते. त्यांनी नुसती मान हलवली.

चारही बाजू दोरीनं मोजल्या, सारख्या भरल्या. आता कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी तिरकी ताणून दोन्ही कर्ण सारखे भरतात का पाहायचं. पण कुंडाच्या पोटात उरलेल्या विटा काठाच्या वर रचलेल्या. त्या काढायला काका वाकले, तोच मागून शास्त्र्यांचा आवाज आला.

"दत्तू! कुंड बांधतोयस की किल्ला? लिंपायला बायका केव्हाच्या खोळंबल्यात!"

"क... क... कर्..."

"झालं ना? मग सरक बाजूला."

काकांनी दोरी गुंडाळली. बाजू सारख्या आहेत ना, मग कुंड बरोबरच असणार, असं मनाशी घोकत ते घरी आले.

घरी पुतणी ऋता वह्या तपासत बसली होती. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि हिंदी मुलखातच वाढल्यानं बोलताना हिंदीत कधी शिरायची ते तिचं तिलाच कळायचं नाही. "काका, सुनिए तो! एका पोरीनं लिहिलंय, चारों भुजाएँ बराबर, इसलिए वर्ग, म्हणजे चौरस. दिला भोपळा!"

"च... चूक काय त्यात?"

ऋतानं खराट्याच्या चार सारख्या काड्या घेतल्या, टोकं दोऱ्यानं बांधून चौकट केली आणि एका कोपऱ्याला बोटानं रेटलं. चौकट कलली.

"काड्या लांब झाल्या? नाही. चौरस राहिला? तोही नाही. हा आता नुसता समभुज चौकोन. काका, चौरस म्हणजे समांतरभुज आजोबांचा नातू समजा. आई समभुज, बाप आयत, आणि दोघंही समांतरभुजांच्या घराण्यातले. आईकडून सारख्या बाजू घ्यायच्या, बापाकडून सारखे कर्ण. एकाचंच घेतलं तर नातू कसला? सगोत्र लग्न आहे बरं, शास्त्रीबुवांना सांगू नका!"

 कललेल्या काड्यांकडे काकांना बघवेना. दिसत होती ती भिंतीशी बसलेली सुनीती.

"ऋते," ते उठत म्हणाले, "द... दोरीचं एक टोक धरायला चल."

घाटाच्या पायऱ्यांवरून दोघं भराभर गेली. ऊन उतरलं होतं. अंगणात कुंड लिंपून गुळगुळीत झालं होतं, माती अजून ओली. आतल्या विटाही कुणी काढून टाकलेल्या. ऋतानं एका कोपऱ्यावर टोक धरलं, काकांनी समोरच्या कोपऱ्यावर दोरीला गाठ मारली. मग दुसरा कर्ण. गाठ कोपऱ्याच्या तीन बोटं पुढे गेली.

काकांनी दोरी पुन्हा ताणून पाहिली, तीच तीन बोटं. ते खाली बसले.

"काका, चुपचाप सरळ करून टाकू," ऋता कुजबुजली. "कोण बघतंय?"

पण भूमीची पूजा झालेली. आता शास्त्र्यांना विचारल्याशिवाय वीट हलवायची नाही, हा नेम. आणि शास्त्री तर समोरच्याच ओसरीवर उल्हासशी बोलत बसलेले, शेजारी सुनीती.

काका ओसरीपर्यंत गेले. तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. शास्त्र्यांच्या भुवया चढल्या. "काय रे?" काकांना वाटलं, आत्ता पळून जावं, नदीपार जावं. त्यांनी शास्त्र्यांचं मनगट धरलं, जे जन्मात कधी धरलं नव्हतं, आणि त्यांना कुंडापाशी नेऊन दोरीचं टोक हातात दिलं. एक कर्ण ताणला. मग दुसरा.

शास्त्री गाठीकडे बघत राहिले. ओसरीवर सुनीतीचा हात पोटावर गेला.

"दुपारी का नाही बोललास?"



"बोलू दिलंत?" ऋता म्हणाली.

आता काय होतंय म्हणून काकांनी डोळेच मिटले. उघडले तेव्हा शास्त्री धोतराचा काचा मारून खाली बसले होते आणि हातानं ओली माती खरवडत होते. "बघतोस काय? विटा दे."

अंगणातला दिवा लागेतो कुंड पुन्हा उभं राहिलं. काकांनी आधी कर्ण मोजले, मग बाजू, मग पुन्हा कर्ण. खात्रीसाठी आणखी एकदा.

"गाठ मलाही दिसतेय," शास्त्री म्हणाले. "पण दोरी तुझी. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी उद्या यात अग्नी ठेवणार नाही. बोल, काय आहे हे?"

"च..." काका अडले. "च... च..."

ऋता पुढे झाली, तिला शास्त्र्यांनी हातानं थांबवलं. कुणी हसलं नाही, कुणी शब्द पुरवला नाही. शास्त्री मातीचे हात तसेच ठेवून वाट बघत बसले.

"...चौरस," काका म्हणाले.

सुनीतीनं पोटावरचा हात काढला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.