आंबेरकरांची भाकरी, तात्यासाहेबांचं चांदणं

चार माणसं जमली आणि कुणी सिनेमाचा विषय काढला की सगळे माझ्याकडे बघतात. "सावंत, तो आंबेरकरांचा किस्सा सांग ना." एकच किस्सा असता तर सांगून मोकळा झालो असतो! पण मूर्खपणा एकटा कधी राहतच नाही. एक झाकायला दुसरा करावा लागतो, दुसरा सजवायला तिसरा. कोटाच्या खिशात बसची जुनी तिकिटं साठतात, तसे हे किस्से माझ्याकडे साठले. आज खिसा उलटा करतो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. अंधेरीच्या एका स्टुडिओत मी कंटिन्युइटी लिहायचो. म्हणजे नायकाचं कितवं बटण उघडं होतं, पेला कुठल्या हातात होता, हे वहीत टिपायचं, म्हणजे पुढच्या शॉटला पेला डावीकडून उजवीकडे उडी मारत नाही. आमचे निर्माते आणि दिग्दर्शक एकच, तात्यासाहेब. पौराणिक सिनेमे काढून काढून त्यांच्याकडचे देव संपले, तेव्हा त्यांनी कवी काढायचा ठरवला. कवी कुठला? तर कुर्ल्याच्या शाळेत मास्तरकी करून दम्याने गेलेले आंबेरकर. का, तर ते वारलेले होते आणि हट्ट धरणारे नातेवाईक फारसे नव्हते. हे कारण मी माझ्या मनाचं सांगत नाही. तात्यासाहेबांनी ते स्वतः मोटारीत सांगितलं.

* * *

नातेवाईक एकच होत्या, आंबेरकर काकू. घाटकोपरला चाळीत एका खोलीत राहायच्या आणि शेजारच्या मुलींना शिवण शिकवायच्या. आम्ही परवानगी मागायला गेलो. काकूंनी चहा केला, ट्रंकेतून नवऱ्याची वही काढली आणि मांडीवर घेऊन बसल्या. वही घराबाहेर जाणार नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. म्हणून मी तिथेच भिंतीला टेकून कविता उतरवून घेऊ लागलो.

सही करायची वेळ आली तेव्हा काकू म्हणाल्या की पैशाबिशाचं तुम्ही काय ते बघा, सिनेमात त्यांना काय दाखवायचं ते दाखवा, माझी एकच अट आहे. त्यांनी वहीतलं एक पान उघडलं. ही कविता त्यांनी माझ्यासाठी लिहिली. रात्रीच्या शाळेवर शिकवायला जायचे तेव्हाची. ही एक तेवढी शब्द न बदलता सिनेमात यायला हवी.

कविता अशी होती:

भाकर झाकून नीज तू, दिवा नको ठेवू;
अंधाराला ठाऊक कडी, वाट नको पाहू.

तात्यासाहेबांनी वहीवर हात ठेवून शब्द दिला. डोळ्यांत पाणीही आणलं. ते त्यांना कधीही आणता यायचं.

जिना उतरताना काकूंनी मला मागे थांबवलं. मीही मालवणकडचा, हे त्यांनी नावावरून ओळखलं होतं. "त्येंचा काय खरा वाटना नाय माका," त्या म्हणाल्या. "तू लक्ष ठेव हां." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

मोटारीत बसल्यावर तात्यासाहेबांनी मला विचारलं, "बाकीच्या कविताही एवढ्याच साध्या आहेत का रे? मग ह्याला कवी कशावरून म्हणायचं?"

* * *

आंबेरकर अंगाने काडी, उंचीने बेताचे, खोकून खोकून खांदे वाकलेले. त्यांचं काम दिलं कुणाला, तर आमच्या नेहमीच्या नायकाला. आधीच्या तीन सिनेमांत हा गडी गदा घेऊन हिंडला होता. दमेकऱ्यासारखं वाकून चाल, असं त्याला सांगितलं की तो चिडायचा. छाती आत घेतली तर पब्लिक काय म्हणेल, ही त्याची काळजी. शेवटी तात्यासाहेबांनी दमाच काढून टाकला. मग माणूस मरतो कशाने? तर झुरून. कशासाठी झुरतो, ते मला अजून कळलेलं नाही.

कवी म्हणजे समुद्र पाहिजे, हाही तात्यासाहेबांचा कायदा. आंबेरकर समुद्राकडे बघत बसल्याचं काकूंना आठवत नव्हतं. शाळा आणि शिकवण्या यांतून त्यांना फुरसत कुठली? तरी सगळं युनिट होडीत घालून मढला नेलं. नायकाला खडकावर उभं केलं, शाल दिली, आणि लांब बघ म्हणून सांगितलं. शॉटला हवा तसा ढग येईना म्हणून सकाळपासून तो लांबच बघत होता.

तिथे कोळणी मासळी वाळत घालत होत्या. त्यातल्या एका म्हातारीला दुपारपर्यंत राहवलं नाही. टोपली खाली ठेवून ती माझ्याजवळ आली आणि नायकाकडे बोट करून, त्याचं काही पाण्यात बुडालं असावं अशा काळजीने विचारू लागली, "याचा काय बुरलाय रं पान्यान?"

सबंध सिनेमावरचा तेवढा एकच समजूतदार अभिप्राय मी ऐकला.

* * *

मग तात्यासाहेबांना वाटलं, कवी दारू पीत नाही हे काही बरं दिसत नाही. मी त्यांना सांगितलं की आंबेरकर बिनसाखरेच्या चहापलीकडे गेले नाहीत, कारण साखर रेशनवर होती. ते म्हणाले की ही माहिती प्रेक्षकांना देऊन त्यांचं काय भलं होणार आहे?

झालं. पेला आला, पेल्यात काळा चहा आला, नायक झोकांड्या खाऊ लागला. चार दिवस तेच चाललं होतं. माझ्या वहीत नुसतं पेला डावा, पेला उजवा, पेला पडला. आणि सिनेमा सेन्सॉरकडे गेला तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं की राज्यात दारूबंदी आहे हे आपल्या कवीला माहीत नाही का?

चार दिवसांचं काम कापायचं तर सिनेमा निम्मा झाला असता. तात्यासाहेबांनी डोकं लढवलं. शॉट तसेच ठेवले आणि नायिकेच्या आवाजात एक वाक्य वरून भरलं, "वैद्यबुवांचा काढा घेतलात का?" त्यामुळे आमच्या सिनेमात कवी काढा पिऊन झोकांड्या खातो, काढा पिऊन रडतो आणि एकदा तर काढा पिऊन मित्राच्या थोबाडीत मारतो.

सेन्सॉरचे साहेब खूश. पण खरी कमाल पुढे झाली. प्रोफेसर बिवलकर म्हणून एक मोठे समीक्षक होते. विलेपार्ल्याला राहायचे आणि एका साप्ताहिकात सिनेमांवर लिहायचे. त्यांनी त्या काढ्यावर दीड रकाना लिहिला! समाजाने कवीला पाजलेला कडवटपणा दिग्दर्शकाने एका साध्या पेल्यातून सुचवला आहे, असं त्यांचं म्हणणं. तात्यासाहेबांनी ते कात्रण फ्रेम करून ऑफिसात लावलं. महिन्याभरात तेही सांगू लागले की काढा ही कल्पना त्यांना पहाटे सुचली होती.

* * *

आता त्या कवितेचं सांगतो. इथे मला माझी स्वतःचीच लाज वाटते, म्हणून भरभर सांगतो.

संगीतकाराने पेटी काढली, दोनदा ओळ म्हणून बघितली आणि भाकरीवर चाल बसत नाही असं जाहीर केलं. नायिका रेशमी पातळ नेसून भाकरी झाकते आहे, हे तात्यासाहेबांनाही पटत नव्हतं. मग राजमाने नावाच्या गीतकाराला बोलावलं. चांगला माणूस होता बिचारा, सांगाल ते लिहून द्यायचा. तोंडातलं पान संपायच्या आत त्याने गाणं तयार केलं:

रजनीच्या नीलमहाली दीप प्रिये तेवू दे,
चंद्रकिरण वेचुनि तुझ्या कुंतली मज ठेवू दे.

मी म्हटलं, तात्यासाहेब, काकूंना शब्द दिलाय. शिवाय मूळ कवितेत दिवा ठेवू नको असं म्हटलंय, तेल जळतं म्हणून. इथे तर दिवा लावायला सांगताय. तात्यासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सावंत, आंबेरकर आज असते ना, तर त्यांनी हेच लिहिलं असतं. त्यांना संधी मिळाली नाही."

आणि पुढची कामगिरी माझ्यावर आली. माझं अक्षर बरं. त्यामुळे आमच्या सिनेमांत पडद्यावर दिसणारं सगळं मीच लिहायचो. नायिकेची चिठ्ठी माझी, खलनायकाची धमकी माझी, न्यायाधीशाचा निकालही माझाच. कवीची वहीही मलाच करावी लागली. कोऱ्या वहीची पानं चहात बुडवून वाळवली आणि त्यांवर आंबेरकरांच्या वळणाने मी राजमान्यांचं चांदणं उतरवलं. आंबेरकरांचं वळण मला चांगलं जमलं होतं. घाटकोपरला भिंतीला टेकून बसून तेवढंच तर शिकलो होतो. नोकरी सोडतो म्हणायची हिंमत झाली नाही. लग्न ठरत होतं. कॅमेरा अगदी जवळ आणून त्या पानाचा शॉट घेतला, तो पडद्यावर चांगला मोठा दिसतो.

* * *

गाणं पवईच्या तळ्यावर झालं. होडीत नायिका, केसांत मोगरा, मागे काठावर आम्ही आरसे धरून चांदणं पाडतोय, भर दुपारी. ही नायिका म्हणजे आंबेरकर काकू, हे मला अधूनमधून स्वतःला बजावावं लागत होतं.

सिनेमा तयार झाल्यावर काकूंना दाखवायला मी त्यांना घाटकोपरहून घेऊन आलो. त्या जपून ठेवलेलं लुगडं नेसल्या होत्या. सबंध वेळ ताठ बसल्या. नायक छाती काढून चालला, काढा प्यायला, समुद्रावर गेला, तळ्यात गायला. पवईला मी कधी गेलेच नाही, एवढंच काकू एकदा हळूच पुटपुटल्या.

दिवे लागले तशा त्या माझ्याकडे वळल्या. "सिनेमा संपलो काय रे? मगे ती कविता खंय?"

मी त्यांना खरं सांगितलं. पडद्यावरची वही माझ्या हातची आहे, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. अक्षर मात्र हुबेहूब काढलंस, असं म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

* * *

सिनेमा तसा पडलाच. तिसऱ्या आठवड्यात थिएटरात माश्या. पण त्या वर्षी समीक्षकांच्या एका मंडळाने चांगल्या सिनेमांना बक्षिसं द्यायची ठरवली, आणि अध्यक्ष कोण, तर प्रोफेसर बिवलकर! आमच्या सिनेमाला पहिलं बक्षीस. मानपत्रात लिहिलं होतं की कवीच्या जीवनाशी आणि शब्दांशी अतूट इमान राखल्याबद्दल. हे वाचून राजमानेसुद्धा खाली बघू लागला. नायकाने गळाबंद कोट शिवून घेतला आणि तात्यासाहेबांनी डोळ्यांत पाणी आणलं.

पार्ल्याच्या एका शाळेच्या सभागृहात समारंभ होता. काकूंनाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला बोलावलं होतं. त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण आल्या, तेच लुगडं नेसून. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

बिवलकरांचं भाषण बराच वेळ चाललं. काढ्याचा पेला आला, समुद्र आला. शेवटी ते म्हणाले की या सिनेमाने आम्हाला आंबेरकरांची खरी कविता दिली, आता वहिनींनी आपल्या पतीच्या दोन ओळी म्हणाव्यात.

काकू उठल्या. मायक्रोफोन त्यांच्या डोक्याच्या वर होता, तो कुणी खाली केला नाही. त्या व्यासपीठाच्या पायरीवर उभ्या राहिल्या तशाच, हातात नारळ धरून, आणि शाळेतल्या मुलीसारख्या स्पष्ट म्हणाल्या:

"भाकर झाकून नीज तू, दिवा नको ठेवू, अंधाराला ठाऊक कडी, वाट नको पाहू."

सभागृहात कुणालाच काही कळेना. लोक एकमेकांकडे बघू लागले. तात्यासाहेब बुटाच्या टोकाकडे बघत होते. आणि बिवलकर समजूतदारपणे हसत पुढे झाले. त्यांनी काकूंच्या खांद्याला हलकेच हात लावला आणि सभेला सांगितलं की दुःखाने स्मृती अशी विस्कटते, आपण समजून घ्यायला हवं. मग काकूंकडे वळून, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "वहिनी, ती ओळ 'दीप प्रिये तेवू दे' अशी आहे. त्यांच्या स्वतःच्या अक्षरात आहे. मी डोळ्यांनी पाहिली आहे."

उठावं, ओरडून सांगावं की ते अक्षर माझं आहे, असं वाटलं. पण मी खुर्ची धरून बसूनच राहिलो. काकूंनी तिसऱ्या रांगेत माझ्याकडे एकदा बघितलं. नंतर बिवलकरांकडे बघितलं. नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"असेल हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे होते तोवर ते असंच लिहायचे. तुमच्याकडे आल्यावर सुधारले असतील."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिली टाळी प्रोफेसर बिवलकरांची होती.