फिके डोंगर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. एका माणसाचं चित्रं काढणं मी कायमचं बंद पाडलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहरीनमध्ये, सलमाबादच्या एका कंपनीत आम्ही दोघं ड्राफ्ट्समन. राहायलाही एकाच खोलीत. तो रत्नागिरीचा, माझ्याहून लहान, मला भाऊ म्हणायचा. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये एका फ्रेंच चित्रकाराचं पेन्सिलचित्र होतं. अस्सल, साहेबांना आजोबांकडून आलेलं. नदी, काठाला उंच झाडं, मागे डोंगर. सह्या घ्यायला गेलो की मी ते चोरून बघायचो. कित्येक वर्षं बघितलं, बोललो मात्र कधीच नाही.

तो आला आणि पहिल्याच महिन्यात साहेबांसमोर मला म्हणाला, "भाऊ, बघा ना, पाणी काढलंच नाय ह्याने. कागद कोरा सोडलाय नुसता!"

साहेबांनी विचारलं, काय म्हणतोय हा? इंग्रजीत मलाच सांगावं लागलं. साहेब खुर्चीतून उठले, चित्र भिंतीवरून उतरवून त्याच्या हातात दिलं. घरी ने, नक्कल करून आण, म्हणाले.

मी आतून जळत होतो. ते पाणी मला कधी दिसलंच नव्हतं.

गुरुवारी रात्रभर जागून त्याने नक्कल पुरी केली. हुबेहूब. डोंगर तर इतके फिके, की कागद जरा कलता धरला की दिसेनात.

"झालं का, फ्रान्सचे जावई?" मी म्हटलं.

"साहेबाला पोरगी हाय काय, तेवढं विचारून घ्या," म्हणत तो जुम्म्याच्या नमाजाला गेला.

मी त्याचीच पेन्सिल उचलली. आमच्या धंद्यात फिकी रेघ प्रिंटमध्ये उमटत नाही, म्हणून प्रत्येक रेघ ठाशीव लागते. नकलेतल्या डोंगरांच्या रेघा मी तशा केल्या. बघता बघता डोंगर पुढे सरकून नदीवर येऊन बसले.

तो परतला. कागद कलता धरून बघितला. "भाऊ, हे असं मी केलं?"

"नकाशे काढून काढून हात जड होतो रे. आपलं असंच."

त्याने खोडून पाहिलं, कागद सोलवटला. मग त्याने तो फाडला. साहेबांना मूळ चित्र परत देताना एवढंच म्हणाला, जमलं नाही. पुढे साहेबांनी कागद देऊ केले, तर हसून "खलास, सर." त्याने पुन्हा कधी चित्र काढलं नाही.

आणि मला बरं वाटलं. लिहायला जड जातंय, पण बरं वाटलं.

तो आता रत्नागिरीला असतो. ईदला फोन होतो आमचा. त्याचा हात जड नव्हता, ते डोंगर मी बिघडवले, एवढं सांगण्याचं देणं मी त्याला अजून लागतो.