परीक्षेच्या दारात उमादेवी

आमच्या उदगीरच्या गल्लीत कुणी नवं काही करायला घेतलं की त्याला आधी म्हणी ऐकाव्या लागतात. उमादेवीनं वकिलीला प्रवेश घ्यायचं ठरवलं तेव्हा जो तो एकच म्हण ऐकवायचा, बैल गेला आणि झोपा केला. मला या गल्लीचा मनस्वी संताप येतो. या वेळी जास्तच आला, कारण म्हण खोटी नव्हती.

मी निवृत्त शिक्षिका, एकटी राहते. उमादेवी माझी शेजारीण. चाळिशी कधीच उलटलेली, वाचनाच्या हौसेनं मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालेली. तिचे यजमान माणिकप्पा, त्यांचं भुसार मालाचं दुकान. एकुलती एक मुलगी शिवकन्या देवणीला दिलेली. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, तोवर एका दुपारी सासरहून फोन आला. कावीळ झाली होती म्हणे, गेली. हे दोघं पोचेपर्यंत सगळी तयारी झाली होती. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. विभूती लावून, मांडी घालून बसवतात, त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्याच तळहातावर ठेवतात आणि माती देतात. पोरीला सासरच्या रानात तशी माती दिली आणि हे दोघं रिकाम्या हातांनी परत आले.

काही दिवसांनी देवणीची एक बाई चोरून येऊन सांगून गेली, की कावीळ वगैरे काही नव्हतं, पोरीच्या तोंडाला फेस होता. माणिकप्पा पोलिसांत गेले. फौजदार घरी आला. म्हणाला, "जाळलं न्हाई ते बरं झालं. तहसीलदारासमोर उकरून तपासणी करता येती. पोटात काही आसंल तर आजून सापडंल. तुम्ही दोघं लिहून द्या, मी पुढं पाठवतो." माणिकप्पांनी पेन उचललं. उमादेवीनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"लिंगैक्य झालेल्या जिवाला उठवायचं न्हाई," ती म्हणाली. "माझ्या पोरीला मातीतनं काढलं तर मी त्याच खड्ड्यात जाऊन बसंन."

तिचं माहेर देगलूरचं, फार कडक. लिंगपूजा झाल्याशिवाय त्या घरात पाण्याचा घोट कुणी घेत नसे. माणिकप्पा तिच्यापुढं गप्प बसले. तिच्यापुढं गप्प बसायची त्यांना सवयच होती. पुढं खटला उभा राहिला, पण त्यात जीव कुठला असणार? ती देवणीची बाई साक्षीच्या दिवशी फिरली. सगळे सुटले. वर्षाच्या आत जावयानं दुसरी बायको आणली.

त्यानंतर उमादेवी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "बाई, मला वकिलीचा फॉर्म भरून द्या."

"आता कशाला गं?" मीही गल्लीसारखंच विचारलं.

"फौजदार बूट घालून देवघराच्या दारात हुभा हुता. त्यानं सांगितलेलं मला देवाच्या विरुद्ध वाटलं. त्याच्या जागी आपल्यातली बाई आसती, गळ्यात लिंग असलेली, अन् ती म्हणली आसती, 'उकर, देव काय रागवत न्हाई,' तर म्या ऐकलं आसतं. तसं सांगणारी कुणीतरी कोर्टात पायजे का न्हाई?"

मी तिचा सीईटीचा फॉर्म भरून दिला. ती माझ्या ओसरीवर बसून अभ्यास करायची. माणिकप्पांनी तिला ना अडवलं, ना कधी काही विचारलं. मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे.

परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. आम्ही तिघं पहाटेच्या एस.टी.नं गेलो. ऊन असं, की डांबराचा वास येत होता. दारावर बायकांची तपासणी करणारी एक पोरगी होती. तिचं यंत्र उमादेवीच्या गळ्याशी वाजलं. मंगळसूत्र चालेल म्हणाली, पण दोऱ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी नाही. "मावशी, उघडणारी वस्तू आत नेता येत नाही. बाहेर ठेवून या."

ते लिंग लहानपणी दीक्षा झाल्यापासून तिच्या अंगावरून उतरलं नव्हतं. बाळंतपणात नर्सलाही तिनं हात लावू दिला नव्हता, हे मला ठाऊक होतं. मी त्या पोरीवर वर्गात ओरडावं तशी ओरडले. ती बिचारी म्हणाली, "मॅडम, मला नियम आहे. दार बंद व्हायला आलंय."

उमादेवी बाजूला होऊन थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता परत फिरणार. मग तिनं दोरा डोक्यावरून काढला आणि माणिकप्पांना हाक मारली. त्यांनी दोन्ही तळहात जोडून पुढं केले. तिनं डबी त्यांच्यात ठेवली आणि मागं न बघता आत गेली.

पेपर होईपर्यंत माणिकप्पा लिंबाच्या सावलीत तसेच उभे होते. मी चहा आणला तर मान हलवून नको म्हणाले. ती बाहेर आली, हात धुतले, डबी डोळ्यांना लावून गळ्यात घातली. पेपर चांगला गेला होता. मला इतका आनंद झाला की एस.टी.त मी एकटीच बडबडत होते. कंधार गेल्यावर माणिकप्पा खिडकीबाहेर बघत बोलले.

"आज गळ्यातलं काढलीस ना. परीक्षेसाठी. तवा पोरीसाठी सही करू दिली न्हाईस."

आवाज चढलेला नव्हता. उमादेवी "हाव" म्हणाली. खरं सांगते, त्या क्षणी मला माणिकप्पांचा राग आला, आणि असा राग यावा याची शरमही वाटली. तो माणूस इतकी वर्षं ते वाक्य पोटात घेऊन गप्प बसला होता. त्या दिवसापासून ते दुकानातच झोपायला लागले.

निकाल लागला. लातूरच्या कॉलेजात तिचा नंबर लागला, मुदतीत जाऊन प्रवेश पक्का करायचा होता. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. पेढे नव्हते आणले.

"ते म्हणले ते खरंय," ती म्हणाली. "नांदेडला दोरा काढताना मला काईच झालं न्हाई, बाई. हात सुदीक थरथरला न्हाई. देव तवाबी काई म्हणला नसता. मी देवाला भ्याले न्हवते. देगलूरची माणसं काय म्हणतील, गल्ली काय म्हणंल, त्याला भ्याले हुते. अन् नाव देवाचं घेतलं."

तिला 'तसं नाही गं' म्हणावं, असं मला फार वाटलं. पण तसंच होतं, आणि तिला खोटं सांगायचा मला धीर झाला नाही.

"मग आता प्रवेश?" मी विचारलं.

"घेते. माझ्यावानी कुणी आली तर तिला तोंडावर सांगीन, तू देवाला न्हाई, लोकाला भेतीस. एवढं सांगायला सनद कशाला लागती म्हणा. पण सनदेबिगर बाईचं ऐकतंय कोण?" मग म्हणाली, "सांगीन, अन् ती ऐकंल. तिची पोर मातीतनं भाईर येईल, न्यायबी मिळंल. माझी तेवढी आजून बसलीया तिथं, सासरच्याच रानात."

पदरानं तोंड पुसून ती उठली. माणिकप्पांचा डबा दुकानात पोचवायचा होता. ते तिच्याशी बोलत नव्हते, पण डबा रोज रिकामा येत होता.