छत्रीचा खटका

मावशीने कुबडीला छत्रीचा खटका बसवला, तेव्हा तिचे धाकटे दीर पोट धरधरून हसले होते. त्यांचा सगळा जन्म कुबड्या बनवण्यात गेलेला. मावशी मात्र हट्टाला पेटली. खटका दाबताच मिटून पिशवीत मावेल अशी कुबडी तिने करून दाखवली आणि पेटंटही मिळवलं.

पुढे एका कंपनीने तिची हुबेहूब नक्कल केली. मावशीने दावा लावला, तर वर कोर्टात कांगावा, "कुबडी जुनी, खटका जुना. दोन्ही जोडणं कुठल्याही कारागिराला सुचलं असतं, मग याला पेटंट कसलं?" आणि साक्षीला आणले कोण, तर दीरच!

"त्यात काय एवढं? सोपंच आहे," दीर म्हणाले.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या वकिलाने शांतपणे विचारलं, "वहिनींनी पहिल्यांदा दाखवली, तेव्हा काय म्हणालात?"

दीरांनी मान खाली घातली. "म्हणालो, वेड लागलंय का वहिनी? असलं कधी जमायचं नाही."

न्यायाधीश म्हणाले, "मुरलेल्या कारागिराला जे अशक्य वाटलं, ते कुणालाही सुचेल कसं?"

खटला जिंकून मावशी ताठ मानेने बाहेर आली. दीर तोंड चुकवत होते.

"हसत राहा, भावोजी," ती कडाडली. "पुढच्या पेटंटलाही साक्षीदार लागेल!"